अक्कांचं पडणं

अक्कांच्या ओट्यासमोर रस्ता वळायचा आणि नेमकी त्या वळणावर पालिकेची पाइपलाइन गळायची. बारा महिने तिथं शेवाळ. दिवसाआड कुणी ना कुणी दुचाकीवरून घसरायचं. शेजारपाजारचे धावत जायचे, गाडी उचलायचे. अक्का जागेवरून हलायच्या नाहीत. पडलेला माणूस उठून कपडे झटकू लागला की त्या त्याला हाक मारायच्या, "पाणी पिऊन जा." आणि तो पाणी पीत असताना त्याला सांगायच्या, "तू हात आधी टेकवलास. हात आधी टेकवला की लोकांना कीव येते. हसू येत नाही."

बहुतेक लोक तांब्या ठेवून गुपचूप निघून जायचे. एक मास्तर मात्र भडकला होता. म्हणाला, "बाई, माझा गुडघा फुटलाय." अक्का म्हणाल्या, "माझेही दोन्ही फुटलेत. पण मला टाळ्या मिळाल्या." आणि मग त्या थांबल्या. कुठलंही वाक्य बोलून झालं की त्या अशा थांबायच्या, हसू पिकायला जागा ठेवल्यासारख्या. मास्तर हसला नाही. अक्कांनी चेहरा तसाच ठेवून तांब्या आत नेला.

मी तेव्हा जळगावच्या कोर्टात टंकलेखक म्हणून नवी नवी लागले होते आणि अक्कांच्या घरातली मागची खोली मला भाड्यानं मिळाली होती. माझं गाव पिंपळनेर. बोलताना माझ्या तोंडी अहिराणी यायची, 'आहे'च्या जागी 'शे', 'सगळं'च्या जागी 'बठ्ठं'. अक्का ती खपवून घ्यायच्या नाहीत. त्यांचा स्वतःचा जन्म असोद्याचा. आई कापूस वेचायला जायची, घरात कुणी शाळेची पायरी चढलेलं नाही. पण बोलणं असं, की पहिल्या दिवशी मला वाटलं बाई पुण्याच्या आहेत. "ही भाषा मी कंपनीत कमावली," त्या म्हणायच्या. "तुला बापानं शाळेत घालून मिळाली नाही ती मला तंबूत मिळाली. नीट बोल."

कंपनी म्हणजे गावोगावच्या जत्रांत तंबू ठोकून गाण्यांची विनोदी नाटकं करणारी एक मंडळी. अक्कांची आत्या तिथं स्वयंपाकाला होती. तिच्या हाताखाली भाकरी थापायला म्हणून अक्का गेल्या, आणि उंचीला बऱ्या दिसतात म्हणून मालकानं त्यांना मागच्या ओळीत नाचायला उभं केलं. पाचोऱ्याच्या मुक्कामात एक दिवस त्या नाचता नाचता पाय अडकून तोंडावर आपटल्या. लोक इतके हसले की पेटीवाल्याला गाणं थांबवावं लागलं. अक्कांचा दात हलला होता, तोंडात रक्त होतं. पडद्यामागे त्या रडत बसल्या होत्या, तेव्हा मालक आला आणि म्हणाला, "आज पडलीस तशी उद्यापासून रोज पडायचं."

पुढं मालकानं त्यांच्यासाठी एक भूमिकाच लिहून घेतली. एक गर्विष्ठ पाटलीणबाई. नव्या लुगड्यात, नाक वर करून, साऱ्या गावाला तुच्छ लेखणारं गाणं म्हणत येते आणि गाण्याच्या शेवटच्या सुरावर पडते. साऱ्या खानदेशात लोक त्या पडण्यासाठी तिकीट काढायचे. अक्कांचा आवाज चांगला होता, तिन्ही सप्तकांत फिरायचा म्हणे, पण तो ऐकायला कुणी आलं नाही. "मी गात असताना लोक शेंगा फोडायचे," त्या सांगायच्या. "पडायची वेळ आली की शेंगा बंद."

पडणं कसं असावं यावर त्या तासभर बोलू शकायच्या. आधी पायाला कळलं पाहिजे, मग कमरेला. तोंडाला सगळ्यात शेवटी. अंग जमिनीवर गेलं तरी चेहऱ्यावरचा ताठा जागच्या जागी पाहिजे. मग तसंच पडून राहायचं. लोक हसून दमतात, तरी उठायचं नाही. पुन्हा हसतात. "दुसरं हसू खरं," अक्का म्हणायच्या. "पहिलं कुणालाही मिळतं."

माझ्या हसण्यावर त्यांचा विश्वास नव्हता. कधी घरमालकीण म्हणून मान राखायला मी हसले की लगेच म्हणायच्या, "उसनं नको मला." टीव्हीवरचे विनोदी कार्यक्रम त्या आवाज बंद करून पाहायच्या. जेवण उभ्यानं. स्वयंपाकाच्या ओट्याला टेकून भाकरीवर भरीत घेऊन चार घासांत संपवायच्या. प्रयोगाआधी कंपनीत असंच जेवायची सवय. बसून जेवा म्हटलं तर सांगायच्या, "बसलं की उठताना वय दिसतं."

कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात एक उदबत्तीचा पुडा मिळायचा. त्यावर एका हसऱ्या तरुण बाईचं चित्र. नाकात नथ, केसांत गजरा, मान किंचित कललेली. अक्का दुकानात जाऊन म्हणायच्या, "माझं तोंड द्या, दोन पुडे." दुकानदाराला वाटायचं, म्हातारी सटकली. मलाही वाटलं होतं. मग एकदा त्यांनी मान तशी कलवून दाखवली आणि पुड्यावरची बाई माझ्यासमोर उभी राहिली. तरुणपणी कुणा कारखानदारानं जत्रेत फोटो काढून नेला होता. विचारलं नव्हतं. चाळीसेक वर्षं खानदेशातल्या देवघरांत अक्का जळत होत्या आणि कुणाला नाव ठाऊक नव्हतं. मी तिथं राहत असतानाच कारखानदारानं चित्र बदललं, पुड्यावर लक्ष्मी आली. अक्कांनी पुडा उलटसुलट करून पाहिला. "माझी जागा लक्ष्मीनं घेतली," म्हणाल्या. "आणखी काय पाहिजे." आणि थांबल्या. त्या वेळी मी खरंच हसले. त्यांनी मान हलवून ते मान्य केलं.

मला पाहायला धुळ्याचं स्थळ आलं ते अक्कांच्याच घरी. आईवडील पिंपळनेरहून आले होते. मुलगा मोकळा होता, प्रत्येक गोष्टीवर दिलखुलास हसत होता. मंडळी गेल्यावर आई खूश. अक्का भांडी विसळता विसळता मला म्हणाल्या, "याला नको म्हण."

"का? चांगला हसरा आहे."

"म्हणूनच."

त्या दिवशी त्यांनी मला यावलच्या माणसाबद्दल सांगितलं. मोठा केळीवाला. यावलच्या जत्रेत मुक्काम होता तेव्हा तो रोज पहिल्या रांगेत येऊन बसायचा. अक्का पडल्या की मान मागे टाकून, छातीवर हात ठेवून हसायचा. डोळ्यांतून पाणी यायचं त्याच्या. मुक्काम हलला, तोही मागोमाग पुढच्या गावी आला. शेवटी म्हणाला, माझ्या घरी चल. देवळात हार घालून लग्न लावलं. घरात पहिली बायको होती, म्हणून केळीच्या बागेत वेगळं घर बांधून दिलं.

"मला कुणी ओढून नेलं नाही," अक्का म्हणाल्या. "मी चालत गेले. कंपनी रडत होती आणि मी चालत गेले. वाटलं, एवढं हसणारा माणूस आहे, घर हसतं असेल. त्या घरात तो एकदाही हसला नाही. मी भाकरी करताना गुणगुणले तर उठून बाहेर जायचा. एकदा मोरीत घसरून पडले, खरोखरची. तर म्हणाला, इथं ही थेरं चालणार नाहीत."

पाच-सहा वर्षांनी कंपनी पुन्हा यावलला आली. अक्का डोक्यावरून पदर घेऊन तंबूत मागे जाऊन बसल्या. पाटलीणबाईच्या जागी दुसरी मुलगी होती. वाईट पडत होती, हात आधी टेकवत होती. मध्यंतरात अक्का उठून पडद्यामागे गेल्या आणि उरलेलं नाटक त्यांनी केलं. घरी निरोप पोचायला वेळ लागला नाही. दीर येऊन तंबूच्या दारात उभा राहिला: आता तिकडंच राहा. आणि त्या तिकडंच राहिल्या.

ही गोष्ट त्यांनी मला इतकीच सांगितली होती. मी स्थळाला होकार दिला, लग्न पुढच्या उन्हाळ्यात धरलं. मुलगा हसरा होता. पुढचं इथं सांगण्यासारखं नाही.

अक्कांचा सत्कार करायला लोक अधूनमधून यायचे. कुठलं तरी मंडळ, कुठली तरी शताब्दी. अक्का त्यांना चहा पाजून वाटेला लावायच्या. "शाल पांघरली की माणूस मेल्यासारखा दिसतो," म्हणायच्या. मग एके रविवारी धुळ्याच्या एका शिक्षण संस्थेचे दोघे जण आले. ज्येष्ठ कलावंतांचा गौरव करायचा होता. अक्कांनी नेहमीप्रमाणे चहा ठेवला आणि सहज विचारलं, "अध्यक्ष कोण?"

"आमच्या ताईच. संस्थेच्या अध्यक्षा. फार कर्तबगार बाई. माहेर त्यांचं यावलचं."

चहा उकळून पातेल्याबाहेर आला. अक्कांनी गॅस बंद केला, फडक्यानं ओटा पुसला आणि म्हणाल्या, "येते मी."

धुळ्याला मी त्यांच्याबरोबर गेले. एसटीत त्यांनी खिडकीची जागा घेतली. अंगावर अंजिरी रंगाची साडी, केसांना नीट तेल. एरंडोल मागे पडलं. पारोळ्याच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा समोर बघत म्हणाल्या, "ती अध्यक्षा. माझी मुलगी आहे ती." आणि थांबल्या. सवयीनं मला वाटलं, विनोद आहे. मी हसायच्या बेतात होते. त्यांच्याकडे पाहिलं आणि आवरलं.

कंपनीबरोबर पुन्हा गेल्या तेव्हा मुलगी तीन वर्षांची होती. आजीजवळ झोपली होती. अक्कांना वाटलं होतं, दीर रागानं बोललाय, हंगाम संपला की जाऊ, पाया पडू, घेतील. हंगाम संपल्यावर गेल्या. बागेच्या फाटकावरच गड्यानं अडवलं. म्हणाला, बाई, तुमचं दहावं-तेरावं झालं. मुलीला सांगितलंय, आई तापानं गेली.

"गाव जेवलं म्हणे," अक्का म्हणाल्या. "गडी म्हणाला, लाडू चांगले झाले होते."

"मग तुम्ही भांडला नाहीत?"

"कुणाशी? मेलेली बाई भांडते का? आणि मी गेले होते, पोरी. माझ्या पायानं गेले होते. ती झोपलेली होती हे बघून गेले."

पुढं कंपनी मोडली. गावोगाव व्हिडिओ आले, तंबू रिकामे राहू लागले. कंपनीतल्या पेटीवाल्या नानांना कुणी नव्हतं. त्यांनी जळगावचं आपलं घर अक्कांच्या नावावर केलं आणि ते गेले. मुलीचं लग्न धुळ्याला झालं, हे अक्कांना वर्तमानपत्रातून कळलं. नंतर तिचे फोटो यायचे, झेंडावंदनाचे, बक्षीस समारंभाचे. अक्का ते बघायच्या आणि रद्दीत टाकायच्या. कापून ठेवले नाहीत. का, असं मी विचारलं. "दुसऱ्याची मुलगी आहे," म्हणाल्या.

सभागृह भरलं होतं. ताई मधल्या खुर्चीत होत्या. पन्नाशीच्या, गोऱ्या, सुती साडी, चष्मा. मी सारखी दोघींच्या चेहऱ्यांत काही सापडतं का ते पाहत होते. नाकात थोडं होतं. ताईंनी अक्कांना शाल घातली, नारळ दिला, वाकून नमस्कार केला. त्यांच्या भाषणात एक वाक्य होतं, "आमच्या घरात असली नाटकं पाहायची परवानगी नव्हती, त्यामुळे अक्कांची कला मी कधी पाहू शकले नाही, ही खंत आहे." अक्का मांडीवरच्या नारळाकडे पाहत बसल्या होत्या.

अक्कांना बोलायला सांगितलं. त्या माइकपाशी आल्या, दोन-चार गमती सांगितल्या, लोक हसले. तेवढ्यात दुसऱ्या रांगेतून एक म्हातारा उभा राहिला. "अक्का, पाटलीणबाई होऊ द्या एकदा. नातवाला दाखवायला आणलंय." टाळ्या सुरू झाल्या. मी खालून हात हलवून नको नको म्हणत होते. अक्कांचे गुडघे मला ठाऊक होते. संडासला जाताना त्या भिंत धरायच्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. म्हाताऱ्याकडेही नाही. त्यांनी मधल्या खुर्चीकडे पाहिलं आणि शाल काढून टेबलावर ठेवली.

मग त्या विंगेत गेल्या आणि तिथून पाटलीणबाई आली. मी जिला रोज भिंत धरताना पाहत होते ती बाई नव्हतीच ती. नाक वर, एक हात कमरेवर, गाणं चढ्या सुरात. आवाज थोडा फाटला होता, पण जागेवर होता. सगळं सभागृह त्या चालण्यालाच हसू लागलं. शेवटचा सूर आला आणि त्या पडल्या. पायाला आधी कळलं, मग कमरेला. चेहऱ्याला शेवटपर्यंत कळलं नाही. जमिनीवर आडवी पाटलीणबाई, नाक तसंच वर.

लोक खुर्च्यांतून उठून हसत होते. ताई हसल्या. मान मागे टाकून, छातीवर हात ठेवून हसल्या. चष्मा काढून डोळे पुसले त्यांनी.

अक्का उठल्या नाहीत. हसू ओसरलं, मग पुन्हा उसळलं. दुसरं हसू. तरी त्या उठल्या नाहीत. तेव्हा माझं लक्ष त्यांच्या डाव्या हाताकडे गेलं. बोटांनी जाजमाची कड आवळून धरली होती. मी पायऱ्या चढून वर धावले. लोकांना वाटलं मीही नाटकातलीच, त्यांनी माझ्यावरही हसून घेतलं. जवळ गेले तर अक्का पुटपुटत होत्या, "माय वं, माय वं." असोद्याचं बोलणं. ते मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. चेहरा मात्र अजून पाटलीणबाईचा होता. तो त्यांना उतरवता येत नव्हता.

खुबा मोडला होता. धुळ्यातल्याच एका दवाखान्यात नेलं. ताई आपल्या गाडीनं मागोमाग आल्या. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "ऑपरेशन करावं लागेल. सही कोण करणार? नातेवाईक कोण आहे?"

मी ताईंकडे पाहिलं. ताई म्हणाल्या, "मी संस्थेची अध्यक्षा. कार्यक्रम आमचा होता. उपचारांत काही कमी पडू देऊ नका." सही मी केली. नातं विचारलं तेव्हा भाडेकरू म्हणून सांगितलं. डॉक्टरांनी माझ्याकडे, मग ताईंकडे पाहिलं आणि आत गेले.

ताई माझ्याजवळ बाकावर बसल्या. बराच वेळ पर्सची चेन उघडझाप करत होत्या.

"तुम्हाला माहीत आहे ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मलाही माहीत आहे. लग्नाच्या आदल्या दिवशी काकूनं सांगितलं. सत्काराच्या यादीत तिचं नाव मीच घालायला लावलं. एकदा बघायचं होतं." त्या थांबल्या. "मला माहीत नव्हतं इतकं हसू येईल."

"आत जाऊन भेटा. शुद्धीवर आहेत अजून."

"माझ्या सासरी माझी आई वारलेली आहे," ताई म्हणाल्या. "माझ्या मुलांची लग्नं त्या घरात झाली आहेत. आता मी कुठल्या तोंडानं तिला जिवंत करू?" आवाजात राग नव्हता. हिशेब समजावून सांगावा तसं त्या बोलत होत्या. "आणि तिनं मला झोपेत सोडलं होतं. मी झोपलेली नव्हते, हे तिला सांगा. डोळे मिटून पडले होते. लहान मुलं करतात तसं, ती उठवेल म्हणून."

मी ते अक्कांना सांगितलं नाही. कोर्टात मी रोज दुसऱ्यांच्या साक्षी जशाच्या तशा टाइप करत होते. ही एक मी पोचवली नाही.

दुसऱ्या दिवशी अक्कांना बोलता येऊ लागलं तेव्हा त्यांनी पहिलं विचारलं, "हसली का गं ती?"

"हसली."

"कशी?"

"मान मागे टाकून. छातीवर हात ठेवून."

अक्कांनी डोळे मिटले. "बापासारखी," म्हणाल्या. मग तोंड भिंतीकडे केलं. "म्हणजे आता ती यायची नाही."

ती आली नाही. अक्का त्यानंतर अंथरुणावरच होत्या. रस्ता दिसेल अशी खाट लावू का म्हणून मी विचारलं, तर नको म्हणाल्या. कुणी पडल्याचा आवाज आला तरी विचारायच्या नाहीत. बोलणं असोद्याचं झालं होतं. मी काही नीट मराठीत बोलले की त्या माझ्याकडे अनोळखी माणसाकडे पाहावं तसं पाहायच्या. थंडी सरताना एका सकाळी गेल्या. मी धुळ्याला फोन केला. ताईंच्या सहायकानं घेतला, निरोप देतो म्हणाला. दुपारी संस्थेच्या नावानं एक मोठा हार आला. अग्नी किराणा दुकानदारानं दिला.

लग्नानंतर मी बदली घेऊन धुळ्याला आले. ताईंच्या संस्थेनं अक्कांच्या नावानं शाळांची नाट्यस्पर्धा सुरू केली आहे, हे मला माझ्या मुलीकडून कळलं. तिच्या शाळेचं नाटक होतं. मी गेले, मागे बसले. बक्षीस द्यायला ताई उभ्या राहिल्या. आता केस पांढरे झालेत. अक्कांच्या तसबिरीला त्यांनी हार घातला आणि माइकवर म्हणाल्या, "अक्कांचा शेवटचा प्रयोग आमच्या व्यासपीठावर झाला, हे आमचं भाग्य. त्या मला आईसारख्या होत्या."

आईसारख्या म्हणताना त्यांचा आवाज अडकला. त्यांनी पाण्याचा घोट घेतला. तो अभिनय नव्हता. मी अक्कांजवळ राहिलेली बाई आहे, मला तेवढं कळतं. मग टाळ्या पडल्या, खूप वेळ पडल्या.

माझ्या शेजारच्या बाईनं पदरानं डोळे पुसले आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "कितली मोठा मननी बाई शे, नही का?"

मी हो म्हटलं.